राणीच्या गालावरचा डाग

तुम्ही हसलात. डॉक्टर, बाकीचं सगळं विसरला असाल तर विसरा, पण एवढं नाकारू नका. तालुक्याच्या गावी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून तुम्ही बसला होतात. पुढ्यात अर्धा प्यालेला चहा, आणि बाहेर उन्हात म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग. खर्ड्याची मनकर्णा तुमच्यापुढं आली तेव्हा तुम्ही तिची पापणी अंगठ्यानं वर केली, बॅटरी मारली आणि म्हणालात, "मोतीबिंदू नाही. पुढं चला." मोतीबिंदू नाही म्हणजे डोळ्यांत काहीच नाही, हे तुम्ही घरूनच ठरवून आला होतात, कारण शिबिर मोतीबिंदूचं होतं आणि वर कळवायचा आकडाही मोतीबिंदूचाच होता. ती जागची हलली नाही. म्हणाली, "सायेब, मोतीबिंदू नसंल तर नसंल. पर राणीच्या तोंडावर डाग पडलाय, त्येचं काय ते बघा की." तुम्ही विचारलंत, "कुठली राणी गं?" आणि हसलात. तुम्ही हसलात म्हणून रांग हसली. मनकर्णा तेव्हा पंचेचाळिशीची होती, म्हातारी नव्हती. तिच्याबरोबर आलेल्या तिच्या तरण्या पोरानं, आदिनाथनं, लाजेनं तिचा दंड धरला आणि तिला बाहेर ओढत नेलं. तुमचं काम तेवढ्यावर संपलं. तिचं संपलं नाही, आणि त्याचं तर आज सकाळी सुरू झालं.

आदिनाथ आता पन्नाशी ओलांडलेला माणूस. नगरला सावेडीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, नागापूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासायची नोकरी, संजीवनी नावाची तोंडानं फटकळ बायको, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी निकिता. आणि नाणी. इंग्रजांच्या अमदानीतली नाणी. लोकांना वाटतं, जुनी नाणी गोळा करणं म्हणजे जुनं दिसेल ते उचलून डब्यात टाकणं. तसे डबे भरणारे पुष्कळ आहेत. आदिनाथचं वेड निराळं होतं. त्याला एकाच रुपयाची बारीकबारीक वेगळी रूपं हवी असत. अठराशे बासष्टचा राणीछाप रुपया घ्या. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीत 'वन रुपी इंडिया' आणि खाली साल. सरकारनं पुढची बारा वर्षं हे साल बदललंच नाही. सत्तर साली पाडलेल्या रुपयावरही बासष्ट, त्र्याहत्तर साली पाडलेल्यावरही बासष्ट. काळ आपला पुढं चाललाय आणि रुपया म्हणतोय, मी तिथंच उभा आहे. खरं साल कुठलं, याची खूण म्हणे टांकसाळवाल्यांनी ठिपक्यांत ठेवली. सालाखाली एक ठिपका, दोन ठिपके. कधी वर 'वन' या अक्षरांच्या डोक्यावर. सुईनं टोचावेत एवढे. उघड्या डोळ्यांना तो नुसता रुपया. भिंगाखाली धरला की त्याचं गोत्र कळतं. आदिनाथनं अर्धं आयुष्य त्या ठिपक्यांमागं घातलं होतं, आणि त्याला त्याचा यत्किंचित पस्तावा नव्हता. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं तिच्यावर आहे. ठिपके असतात ते काट्याच्या बाजूला. छाप्याच्या बाजूला, राणीच्या तोंडावर, कुठल्याही रूपात कधीही ठिपका नसतो.

आज कारखान्याला सुट्टी होती. सकाळी गॅलरीत ऊन आलं तसा तो स्टूल घेऊन बसला. जुन्या बाजारातल्या छगननं काल एक बासष्टचा रुपया बघायला म्हणून विश्वासावर दिला होता. आदिनाथनं तो काठानं धरला, भिंग उजव्या डोळ्याला लावलं, डावा मिटला आणि सालाखाली पाहिलं. ठिपका होता. करडा, गोल, जरासा पसरट. त्याच्या अंगातून एक गोड शिरशिरी गेली. मग त्यानं नजर वर नेली, 'वन'च्या डोक्यावर. तिथंही ठिपका. वर एक आणि खाली एक. तो पुटपुटला, "आयला." आणि मग, केवळ ताडून पाहायचं म्हणून, त्यानं पाकिटातून आपला जुना, वर्षानुवर्षं हाताखालचा, बिनठिपक्याचा रुपया काढला. असल्या ताडून पाहण्यानंच माणसाचा घात होतो. त्या रुपयावर सालाखाली काही नव्हतं, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. त्यानं पाहिलं. ठिपका होता. करडा, गोल, जरासा पसरट.

खालच्या रस्त्यावर कचरागाडीचं गाणं वाजत होतं. ते लांब गेलं तरी आदिनाथ भिंग लावूनच बसला होता. हातातलं नाणं पालथं करायचं, राणीच्या गालावर नजर ठेवायची, की झालं. गाल स्वच्छ दिसला तर ठिपका नाण्यावर आहे, सकाळच्या तिरप्या उन्हाची काहीतरी गंमत आहे. आणि गालावर दिसला तर मग तो नाण्यावर नाही. बोटाची एक हालचाल. पण त्याच्या बोटांनी ऐकलं नाही. बोटं त्या रुपयाच्या काठाला अशी चिकटली होती, जसा विहिरीत डोकावणारा माणूस कठड्याला चिकटतो. त्यानं भिंग खाली ठेवलं आणि दोन्ही डोळे उघडले. दोन्ही डोळ्यांनी जग धड होतं. समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी धड होती, तारेवरचे कपडे धड होते. एक डोळा दुसऱ्याची चोरी झाकतो, हे त्याला त्या क्षणी कळलं. आणि कळलं नाही असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"झाली का तुमच्या म्हातारीची मुखपूजा?" संजीवनी पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होती. "इकडं जिवंत बायको उभी आहे, तिच्याकडं कधी भिंग लावून बघितलं नाही."

"तुझ्यात काय शोधायचं? सगळं उघडंच आहे."

"बरं झालं. लिंबू पिळू का?"

तो हो म्हणाला आणि तिच्याकडं पाहायचं टाळलं. तिच्या कपाळावर लाल टिकली होती. आपण त्या टिकलीकडं टक लावून पाहिलं आणि तिथं दुसरं काही दिसलं तर? पोहे त्याला नुसते ओले भुसकट लागले. बशीतले मोहरीचे दाणे काळेकाळे दिसत होते, आणि एकेका दाण्याची त्याला भीती वाटत होती. मोहरी किती, आणि त्यातली खरी किती? आपलं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याबरोबर कुणीतरी मागून म्हणालं, लागलंय येड. तो आवाज त्याच्या बापाचा होता.

बापाचं नाव श्रीमंत. सगळी श्रीमंती नावातच उरलेली. खर्ड्याला किल्ल्याच्या अंगानं त्यांचं घर होतं आणि घरात एका कोनाड्यात देव होते. टाकांच्या शेजारी एक राणीछाप रुपया. मनकर्णेला तो तिच्या आईकडून आलेला. लक्ष्मीपूजनाला तो रुपया ताम्हणात निघे. चिंचेनं, राखेनं घासून लख्ख होई, दुधात न्हाई, आणि राणीचं तोंड वर करून पाटावर बसे. हळद-कुंकू राणीलाच. कुठली कोण सात समुद्रांपलीकडची बाई, पण मनकर्णेसाठी ती लक्ष्मीच. वर्षातून एकदा घासायची रीत. पण एका दिवाळीला ती घासायला बसली ती उठेचना. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी तिचं आपलं चाललेलं. "आदिनाथा, आरं ह्या राणीच्या तोंडावर डाग पडलाय बघ. जातच न्हाई." आदिनाथनं पाहिलं होतं. रुपया आरशासारखा झाला होता. "कुठाय डाग? काय नाही." "न्हाई कसा? ह्यो काय गालावर. करडा करडा." आणि पुन्हा चिंच, पुन्हा राख, पुन्हा अंगठा. श्रीमंत दारातून म्हणाला होता, "घास, घास. आतून सोनं निगंल." मग बायकोकडं बोट करून पोराला म्हणाला, "लागलंय येड." दिवाळी संपली तरी ते संपलं नाही. दुपारी कामं आवरली की ती कोनाड्यातून रुपया काढायची आणि उंबऱ्यात उजेडाला बसून अंगठ्यानं राणीचा गाल चोळायची. गावात बोलबाला झाला की मनकर्णेला पैशाचा लोभ सुटलाय, रुपया हातातून खाली ठेवत नाही.

हे त्यानं इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं? एकाच सालात अडकलेल्या रुपयांसारखं सगळं मनात एकावर एक पडलेलं होतं. आजवर कुणी भिंग लावलं नव्हतं, एवढंच.

त्यानं छगनचा रुपया पाकिटात घातला आणि परत देऊन येतो म्हणून निघाला. परत द्यायची घाई नव्हती. पण घरात ते नाणं राहिलं तर कधीतरी ते पालथं करावं लागेल. जिना उतरताना त्यानं कठडा धरला. मोटारसायकलला किक मारली, आणि मनमाड रोडला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण समोरच्या ट्रककडं पाहतच नाही आहोत. थेट बघायच्या भीतीनं ट्रकच्या बाजूला, दुभाजकाच्या झुडपांकडं बघत गाडी चालवतोय, आणि ट्रक त्या बघण्याच्या कडेला कुठंतरी मोठा होत होत येतोय. ब्रेक लागला. मागच्यानं हॉर्नसकट आईवरून शिवी दिली. पुढचा सगळा रस्ता तो कडेकडेनं, बैलगाडीच्या चालीनं गेला.

जुन्या बाजारात छगन आपल्या मोडीच्या पसाऱ्यात, समया, अडकित्ते, गंजकी कुलपं यांच्या मधोमध मांडी घालून बसला होता. "या, या, ठिपकेवाले सर!" तो दुरूनच ओरडला. "सकाळधरनं डोस्कं उठलंय बगा. यूट्यूबवर बगून लोक येत्यात अन् ट्रॅक्टरची पाचाची नोट दाखवून लाख रुपय मागत्यात. म्या म्हनलं, लाख हुते तर हितं कुलपं इकत बसलो असतो व्हय? बसा. निगाला का टिपका?"

आदिनाथनं पाकीट पुढं केलं. "तू बघ."

"म्या? मला टिपका काय अन् माशी बसून गेलेली काय, समदं सारकंच."

"बघ म्हणतो ना. सालाखाली. भिंग घे."

छगननं भिंग न घेताच रुपया उन्हात धरला, डोळे बारीक केले. "कायबी न्हाई सर. गुळगुळीत हाय. वरबी न्हाई."

"नीट बघ, छगन."

"नीटच बगतोय की. म्या अजून सुईत दोरा ववतो." आणि बोलता बोलता त्यानं रुपया पालथा केला आणि राणीचं तोंड आदिनाथच्या पुढ्यात धरलं. "राणी मात्र झ्याक हाय..."

"पालथं करू नको!"

आदिनाथ एवढ्यानं ओरडला की शेजारचा भांडीवाला उठून उभा राहिला. आदिनाथनं तोंड फिरवलं होतं. छगन हसला. "का ओ? राणी आंगुळ करतीया का काय?" हसता हसता त्याचं हसू मावळलं. "सर, तब्येत बरी हाय न्हवं? आन मगापासनं म्या बगतोय, तुमी असं तिरकं का बगताय? माज्याशी बोलताय अन् नजर त्या समईवर. मानंत उसन भरली का?"

बाजार होता तसाच चालू असणार. पण आदिनाथला काही ऐकू येईना. तिरकं. हा शब्द त्याच्या ओळखीचा होता. तो खर्ड्याचा होता, तो शेजारच्या बायडाबाईच्या तोंडचा होता. "उसणच भरलीय," असं काहीतरी तो बोलला, छगनच्या पसाऱ्यात भिंगसुद्धा विसरून उठला, छगननं ते मागून पळत येऊन त्याच्या खिशात घातलं. मोटारसायकलवर बसायचा धीर झाला नाही. चावी लावून, मान खाली घालून तो ती ढकलत निघाला. भर उन्हात, दिल्लीगेटपासून सावेडीपर्यंत. "पेट्रोल संपलं का काका?" एका स्कूटीवाल्या मुलीनं विचारलं. "संपलं," तो म्हणाला. तिचा चेहरा त्याला दिसला नाही. त्यानं पाहिलाच नाही.

मनकर्णा तिरकं बघायची. शिबिरातून ओढून आणल्यानंतर ती राणीबद्दल कुणाशी बोलली नाही, पण तिचं बघणं बदललं. समोर माणूस उभा असला की ती त्याच्या खांद्यापलीकडं, कानापलीकडं बघायची. तिला काठाकाठानं दिसत होतं. जगाचा काठ दिसत होता, जगाचं तोंड दिसत नव्हतं; म्हणून तोंड काठाच्या उजेडात आणायला ती मान वाकडी करायची. हे आज, मोटारसायकल ढकलताना, त्याला स्वच्छ समजत होतं. तेव्हा कुणाला समजलं? बायडाबाईची सून बाळंत झाली होती. बाळ बघायला मनकर्णा गेली, पाळण्यावर वाकली, मान वाकडी करून बाळाकडं बघायला लागली, खूप वेळ, आणि मग बाळाच्या गालावरून अंगठा फिरवला. पुसल्यासारखा. बाळाला संध्याकाळी ताप आला. बायडाबाई अंगणात येऊन उभी राहिली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलली: "साधं बगत न्हाई ही. तिरकं बगती. नजर लावती. पुन्यांदा माज्या उंबऱ्यात पाय टाकलास तर तंगडं मोडीन." त्यानंतर ओटी भरायला मनकर्णेला कुणी बोलावलं नाही. हळदीकुंकवाला नाही, बारशाला नाही. ती उंबऱ्यात बसून राहायची, हातात रुपया. कधीतरी म्हणाली होती, "माज्या आईचंबी शेवटाला असंच झालं हुतं. तिलाबी राणी दिसंना." घरात त्या वाक्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. आदिनाथनंही नाही. नोकरीला लागून तो नगरला आला, आणि ती खर्ड्यात पंधरा वर्षं जगाचा काठ बघत जगली आणि तापानं गेली.

माज्या आईचंबी असंच झालं हुतं. गाडी ढकलता ढकलता तो थांबला. इतका वेळ तो एका डोळ्याला भीत होता, स्वतःच्या. नोकरीला भीत होता. डोळ्यात ठिपका घेऊन कारखान्यात चांगला माल नापास करीत बसेन की वाईट माल पास, याला भीत होता. ती सगळी भीती आता पोरखेळ वाटली. आईची आई, मग आई, मग तो. आणि त्याच्यापुढं? हल्ली निकिता मोबाईल जरा डाव्या अंगाला धरून वाचते. कधीपासून? सगळीच पोरं कशीही लोळून मोबाईल बघतात. परवा जेवताना तिनं मिठाऐवजी साखरेची वाटी ओढली, आणि संजीवनी म्हणाली, "लक्ष कुठंय, नवरा शोधतेस का?" तिघं हसले होते. तो हसला होता. आता त्याला त्या हसण्याचा आवाज ऐकू आला आणि त्यात तुमचा आवाज होता.

घरी आल्यावर तो दुपारभर आडवा पडून राहिला. डोळे मिटले तरी ठिपका होता की नव्हता, हे त्याला ठरवता येईना. मिटलेल्या डोळ्यांच्या काळोखात ठिपका कसा ओळखणार? ऊन कलल्यावर तो उठला आणि कपाटाच्या खालच्या खणातून आईची मिश्रीची चपटी डबी काढली. तिच्यात तो रुपया होता. अल्बममध्ये त्यानं त्याला कधीच जागा दिली नव्हती. पुण्याला एका प्रदर्शनात एका व्यापाऱ्याला दाखवला होता, तर तो म्हणाला होता, "अरेरे, हा खून कुणी केला?" घासलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं, हे या छंदातलं पहिलं शास्त्र. आदिनाथलाही आईचा राग आला होता, खोटं कशाला सांगा. पण त्या रुपयात एक विचित्र गोष्ट होती, आणि ती त्याला पहिल्यापासून ठाऊक होती. नाणं चमकवायला घासणारा माणूस सगळं नाणं घासतो. त्यात केस झिजतात, अक्षरं झिजतात, काठ झिजतो. ह्या रुपयावर राणीच्या केसांची वेणी न वेणी शाबूत होती, 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं कालच्यासारखी ताजी होती, पोलक्यावरच्या फुलांच्या पाकळ्या मोजता येत होत्या. झिजला होता तो फक्त गाल. तिथं एक खळगा पडला होता, अंगठ्याच्या मापाचा. कुठल्याही पुस्तकात नसलेलं ते एक रूप होतं, आणि बारीकबारीक फरक ओळखण्यात हयात घालवलेल्या या माणसाला त्याचं कारण आज कळत होतं. नाण्यावर डाग नव्हता. ती बघेल तिथं डाग होता, आणि ती बघायची राणीच्या तोंडाकडं. बाई आपला डोळा घासत होती. चिंच लावून, राख लावून, आपला डोळा.

त्यानं भिंग उजव्या डोळ्याला लावलं. डावा मिटला. त्या खळग्यात स्वतःचा अंगठा बसवला, तर तो बरोबर बसला. मग अंगठा काढला आणि पाहिलं.

राणीला तोंड नव्हतं. केस होते, गळा होता, सगळीकडून अक्षरं होती, आणि मधे सकाळी ठिपक्याएवढं वाटलेलं, करडं, गोल, जरासं पसरट काही होतं. त्यानं नजर केसांवर नेली. तोंड आलं आणि केस गेले. नजर अक्षरांवर नेली. अक्षरं गेली. तो जिथं म्हणून बघत होता तिथलंच तेवढं जग पुसलं जात होतं. त्याला आईला हाक मारावीशी वाटली. आईला सांगावंसं वाटलं की हाय गं, डाग हाय, मला दिसला. तीस वर्षं उशिरा.

"पप्पा, काळोखात काय करताय? लाइट तरी लावा." निकितानं आत येऊन बटण दाबलं. ती कॉलेजातून आली होती, खांद्याला सॅक, कपाळावर घामानं चिकटलेले केस. "आजीचा रुपया? हा आज कसा काय बाहेर निघाला?"

लहानपणापासून ती त्याच्या शेजारी बसून नाणी बघत आली होती. तिचा डोळा त्याच्यासारखा आहे, हे तो लोकांना कौतुकानं सांगत असे. आपल्या पोरीचा डोळा आपल्यासारखा आहे. त्यानं भिंग तिच्यापुढं धरलं. दुसऱ्या हातानं रुपया पुढं केला.

"जरा बघ."

"काय बघू? हा तर घासलेला आहे."

"उजव्या डोळ्यानं बघ. डावा मिट. राणीचा गाल बघ."

"मिशी फुटली का राणीला?" ती हसली आणि भिंग डोळ्याला लावलं. रुपया तिनं काठानं धरला होता. हे त्यानंच तिला शिकवलं होतं, पहिलीत असताना, हातावर चापट मारून: नाणं काठानं धरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही, काही झालं तरी लावायचं नाही. इतक्या वर्षांत तिनं ते एकदाही मोडलं नव्हतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. निकितानं रुपया जवळ आणला, लांब नेला. उजेडाकडं थोडा कलता केला.

"काय दिसतं?" आदिनाथनं विचारलं.

तिनं भिंग डोळ्याला आणखी घट्ट लावलं.

"निकिता, काय दिसतं ते सांग."

"थांबा ना पप्पा," ती म्हणाली, आणि तिचा अंगठा काठावरून सरकला. सावकाश वर चढला. राणीच्या गालावर, त्या खळग्यात जाऊन बसला, आणि त्यानं एकदा पुसलं. तिनं पुन्हा भिंगातून पाहिलं. पुन्हा पुसलं.

घाम असेल. खळग्यात ट्यूबलाइट चमकत असेल, तेवढी तिरीप ती पुसत असेल. ह्या घटकेला आदिनाथ असली पन्नास कारणं गोळा करतोय आणि एकाही कारणावर त्याचा विश्वास बसत नाही. त्याला तिचा हात धरायचाय, रुपया काढून घ्यायचाय, आणि त्याचा हात उचलत नाही. आता तुम्ही बोला. खुर्ची तुमच्याकडं होती, बॅटरी तुमच्याकडं होती, डोळ्याच्या आतलं शिकलेले तुम्ही होतात. "काय दिसतंय बाई तुला?" एवढंच विचारायचं होतं, चहा निवायच्या आत झालं असतं. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून ते आज एका बापाला आपल्या पोरीला विचारावं लागतंय, आणि पोरगी गप्प आहे, आणि तिचा अंगठा चाललाय. मनकर्णेला काय दिसत होतं? ते कुठून आलं, कुणाकुणाकडं जाणार, आणि तेव्हा सांगितलं असतंत तर काय थांबवता आलं असतं? हसू नका. पुढं चला म्हणू नका. पुढं आता ही पोरगी उभी आहे. उत्तर द्या.